मदत हवी आहे : वादळात वीज गेल्यावर घरासाठी कोणता जनरेटर घ्यावा आणि तो कसा राखावा? (नागपूर)

नमस्कार.

नागपुरात बेसा भागात आमचे स्वतंत्र दुमजली घर आहे. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत दुपारनंतर ढग दाटतात, धुळीचे वादळ सुटते, एखादी फांदी तारांवर पडते आणि दुरुस्ती होईपर्यंत वीज नसते. दुरुस्ती कधी तासाभरात होते, कधी सगळी रात्र जाते. आजवर हे उन्हाळ्याबरोबर येणारच असे धरून आम्ही चालत होतो. आता मात्र ७८ वर्षांच्या वडिलांना डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) लावायला सांगितले असून ते यंत्र दिवसरात्र बहुतेक वेळ चालू असते. त्यामुळे जनरेटर घ्यायचाच, एवढे ठरले आहे.

वीज गेल्यावर चालायला हवीत अशी उपकरणे पुढीलप्रमाणे आहेत. कॉन्सन्ट्रेटर ५ लिटरचा असून त्यावर ३५० वॅट लिहिले आहे. त्याशिवाय एक फ्रिज, दोन कूलर, चार पंखे, काही दिवे आणि बोअरवेलमधला दीड अश्वशक्तीचा सबमर्सिबल पंप आहे. एसी आहे, पण तो जनरेटरवर चालला नाही तरी चालेल. नागपूरकराला कूलर पुरतो. घरात ९०० व्हीएचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी आधीपासून आहे. गच्चीवर ३ किलोवॅटचे सौर पॅनल असून ते ग्रिडला जोडलेले आहेत.

एका विक्रेत्याने ७.५ केव्हीएचा डिझेल संच सुचवला आहे, कारण त्याच्या मते घर एकदाच ‘पूर्ण झाकलेले’, म्हणजे सगळी उपकरणे चालतील असे, बरे. दुसऱ्याने ३ केव्हीएचा पेट्रोलवर चालणारा, उचलून ठेवता येणारा इन्व्हर्टर जनरेटर सुचवला आहे. दोघांच्या किमतींत मोठा फरक आहे, परंतु माझी अडचण किमतीची कमी आणि निवडीची अधिक आहे. आमच्या गरजेला किती क्षमता पुरेल? संच पोर्चमध्ये, म्हणजे गाडी उभी राहते तिथे, ठेवता येईल का? सौर पॅनल असताना जोडणी कशी करावी? आणि वर्षातले आठ-नऊ महिने पडून राहणारे यंत्र ऐन वेळी सुरू व्हावे, यासाठी त्याची देखभाल कशी ठेवावी? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पहिला प्रतिसाद

मी परवानाधारक विद्युत ठेकेदार असून नागपुरातच काम करतो. तुमच्या यादीत पंप हा सगळ्यांत भारी आहे आणि दोन्ही विक्रेत्यांच्या मतांतला फरक खरे म्हणजे त्या एका पंपामुळे पडला आहे. हिशेब करून पाहा. कॉन्सन्ट्रेटर ३५०, फ्रिज २००, दोन कूलर मिळून ४००, चार पंखे ३००, दिवे व राउटर १०० ते १५० वॅट. ही बेरीज १,४०० वॅटच्या आतबाहेर राहते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून दीड अश्वशक्तीचा पंप सुमारे १,१०० वॅटचे काम करतो. मात्र मोटरमधील तूट धरली तर वीज त्याहून बरीच जास्त घेतो आणि सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. ३ केव्हीएचा संच त्या क्षणी दबेल, व्होल्टेज कोसळेल आणि त्याच वेळी कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म वाजू लागेल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की पंप जनरेटरवर घेऊच नये. हवामान विभागाचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे आणि त्यांचे यलो व ऑरेंज अलर्ट आदल्या दिवशी मिळतात. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. अलर्ट असेल त्या दिवशी सकाळीच वरची टाकी भरून घ्यावी. हजार लिटरची टाकी घरातल्या चार माणसांना एक रात्र सहज पुरते. एवढी सवय लावली की ७.५ केव्हीएची गरज उरत नाही.

मोठा संच घेतल्याने नुकसान काय, असे तुम्ही विचाराल. डिझेल संचात केव्हीएला साधारणपणे ०.८ ने गुणले की किलोवॅट मिळतात, म्हणजे ७.५ केव्हीएचे ६ किलोवॅट झाले. त्यावर तुमचा १,४०० वॅटचा भार म्हणजे क्षमतेच्या चौथा हिस्साही नाही. डिझेल इंजिन दीर्घकाळ ३० टक्क्यांहून कमी भारावर चालले तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि काजळी व चिकट तेल सायलेन्सरमध्ये साठत जाते. घर ‘पूर्ण झाकण्याच्या’ नादात इंजिनाचे आयुष्य कमी होते. विक्रेता मोठा संच सुचवणारच, त्यात त्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही डिझेलच घ्यायचे ठरले, तर १ जुलै २०२३ पासून नव्या संचांना लागू झालेल्या सीपीसीबी (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) चार प्लस या धुराच्या मानकाचा उल्लेख पाटीवर आहे का, हे पाहून घ्या. जुना माल स्वस्तात देणारेही भेटतात.

३ केव्हीएच्या संचात मात्र थोडी ढील ठेवली पाहिजे. इंजिनाची क्षमता बहुधा २५ अंश तापमान धरून मोजलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. गरम हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद काही टक्क्यांनी घटते. शिवाय पाटीवर ‘कमाल’ आणि ‘सततची’ अशा दोन क्षमता असतात, त्यांतली सततची धरावी. तुमचा भार त्यात बसतो आणि फ्रिजचा सुरुवातीचा झटकाही हा संच पचवू शकतो.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. जनरेटर सुरू व्हायला काही मिनिटे जातात आणि मध्यरात्री मुसळधार पावसात त्याहून अधिक. तो वेळ इन्व्हर्टरने भरून काढायचा आहे. १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास होतात. प्रत्यक्षात त्यातले हजार-बाराशे हाती लागतात. इन्व्हर्टरवर केवळ कॉन्सन्ट्रेटर, वडिलांच्या खोलीतला पंखा आणि एक दिवा ठेवला तर दोन-अडीच तास मिळतील. तोच इन्व्हर्टर साऱ्या घराला जोडलेला असेल तर तासभरात आटोपेल. त्यामुळे आधी इन्व्हर्टरची वायरिंग वेगळी करून घ्या आणि जनरेटर त्यानंतर आणा. यंत्र कितीही चांगले असले तरी ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर घरात हवाच. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटर या दराने तो बारा तास पुरतो. वडिलांना किती दर सांगितला आहे, हे डॉक्टरांना विचारून त्याप्रमाणे हिशेब करा.

जागेविषयी सांगायचे तर पोर्च अजिबात नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तीन बाजूंनी बंद पोर्चमधून तो थेट बैठकीत शिरतो. दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर अंतर हवे आणि सायलेन्सरचे तोंड घरापासून, तसेच शेजाऱ्यांच्या खिडकीपासूनही, दुसरीकडे वळलेले हवे. वर पत्र्याचे छप्पर, बाजू मोकळ्या आणि खाली सिमेंटचा उंच ओटा असावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. तेव्हापासून मी खालच्या पातळीवर संच बसवायला कोणालाही सांगत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. सौर पॅनलविषयी भर घालतो, कारण या ठिकाणी बरेच लोक फसतात. ग्रिडला जोडलेले पॅनल वीज गेली की आपोआप बंद होतात. तारांवर काम करणाऱ्या लाईनमनला झटका बसू नये यासाठी ती सोय मुद्दाम केलेली असते, तो यंत्राचा दोष नव्हे. परंतु चुकीच्या जोडणीमुळे जनरेटरची वीज सौर इन्व्हर्टरपर्यंत पोहोचली, तर त्याला वाटते की ग्रिड परत आली आणि भर दुपारी तो आपली वीज जनरेटरमध्ये ढकलू लागतो. त्यात जनरेटर जळू शकतो. म्हणून सौर जोडणी चेंजओव्हर स्विचच्या (घर ग्रिडवर चालेल की जनरेटरवर, हे बदलणारा स्विच) ग्रिडच्या बाजूलाच राहिली पाहिजे.

चेंजओव्हर स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. दोन टोकांना पिना असलेली वायर घेऊन जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला जोडण्याचा जो प्रकार काही ठिकाणी दिसतो, त्यातून वीज उलट रस्त्यावरच्या तारांत जाते आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. लहान जनरेटरचा न्यूट्रल पुष्कळदा अर्थला जोडलेला नसतो आणि अशा वेळी घरातला आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) कामच करत नाही. ती जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी. अर्थिंगचेही तसेच. आपल्याकडच्या काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडतात, ओल जाते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. वादळेही नेमकी तेव्हाच येतात. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ३ केव्हीएचा पेट्रोल संच, वेगळी केलेली इन्व्हर्टर वायरिंग आणि मागच्या अंगणात ओटा, असे आता ठरवत आहे. दोन शंका उरतात. पेट्रोल घरात किती आणि कसे ठेवावे? आणि देखभालीचे वेळापत्रक काय असावे? शिवाय जनरेटर चालू असताना इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होत नाही, असे एका परिचितांनी सांगितले. ते खरे आहे का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर असेल तर तो साधारण १८० ते २६० व्होल्टच्या आतलीच वीज स्वीकारतो आणि जनरेटरचे व्होल्टेज हलले की तिला नाकारून बॅटरीवर जातो. बहुतेक इन्व्हर्टरना मागे एक कळ असते, तिने रुंद पट्ट्याच्या, म्हणजे व्होल्टेजचा जास्त चढउतार चालणाऱ्या, मोडवर टाकले की चार्जिंग सुरू होते. इन्व्हर्टर पद्धतीच्या जनरेटरची वीज स्थिर असल्याने तुम्हाला ही अडचण बहुधा येणारच नाही.

पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते. हे नियम राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. तुम्हाला तेवढेही लागणार नाही. असा संच अर्ध्या भारावर तासाला सुमारे लिटरभर पेट्रोल घेतो, त्यामुळे घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात दहा-बारा लिटर एका रात्रीला पुरेल. तो डबा स्वयंपाकघर, देवघर आणि ऑक्सिजनची खोली या तिन्हींपासून दूर, सावलीत ठेवावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल शोषते, म्हणून महिना उलटला की डब्यातले पेट्रोल गाडीत घालून टाकावे व नवे आणावे.

संच पडून राहिल्यावर सुरू न होण्याचे सर्वांत मोठे कारणही हेच जुने पेट्रोल आहे. ते कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकटून बसते. प्रत्येक वापरानंतर इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे आणि पावसाळा सरल्यावर टाकीही रिकामी करावी. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे खऱ्या भारावर, म्हणजे कूलर आणि फ्रिज लावून, तो चालवावा. नुसता रिकामा फिरवण्याला अर्थ नाही. पहिले तेल साधारण २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे, परंतु तुमच्या संचाच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच पाळावेत. आपल्याकडची धूळ पाहता एअर फिल्टर मात्र पुस्तिकेपेक्षा लवकर साफ करावा लागतो. मार्चअखेर स्पार्क प्लग पाहून घ्यावा, उंदरांनी वायर कुरतडली नाही ना हे तपासावे आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केले नाही ना तेही बघावे. हा प्रकार मी अनेक बंगल्यांत पाहिला आहे.

चालू संचात पेट्रोल ओतायचे नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बंद करून दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावा आणि मगच भरावा. तेवढा वेळ कॉन्सन्ट्रेटर इन्व्हर्टरवर चालेल, म्हणून बॅटरी भरलेली आहे हे आधी पाहूनच जनरेटर बंद करावा.