लाईनमनचा मृत्यू आणि ‘स्वतःची चूक’: चौकशी तिथेच का थांबते?

माळरान

माझा आतेभाऊ लाईनमन होता. वय 24, कंत्राटावर. वादळानंतरच्या रात्री 11 केव्हीची (11,000 व्होल्टची) तुटलेली तार जोडताना शॉक लागून गेला. चौकशी अहवाल आलाय. त्याचा निष्कर्ष असा की मृत कर्मचाऱ्याने अर्थिंग न करता काम सुरू केले, सबब अपघात त्याच्या स्वतःच्या चुकीमुळे झाला.

अर्थिंग, म्हणजे कामाआधी तारा जमिनीला जोडणं, केलं नव्हतं हे मला मान्य आहे. पण चौकशी त्या ओळीपाशी संपते हे मान्य नाही, आणि त्यावरच इथे चर्चा व्हावी असं वाटतं.

आधी तो कोण होता ते सांगतो, कारण अहवालात त्याचा उल्लेख फक्त ‘मृत कर्मचारी’ असा आहे. कामाला लागला तेव्हा त्याला उंचीची भीती वाटायची. पहिले काही महिने खांबाच्या निम्म्यावर गेला की पाय थरथरायचे. बेल्टवर अंग सोडून दोन्ही हात मोकळे ठेवायला तो हळूहळू शिकला. त्याच्या सेक्शनचा नकाशा जुना होता, नंतर टाकलेल्या लाईन त्यात नव्हत्या. म्हणून त्याने स्वतःच एका वहीत नकाशा काढला. कुठली डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) कुठल्या फीडरवर (उपकेंद्रातून निघालेल्या लाईनवर), कुठला एबी स्विच (खांबावरचा, लाईन तोडायचा) ओढला तरी एक ब्लेड पूर्ण उघडत नाही, कुठला खांब खालून कुजलाय, सगळं त्यात होतं. त्याच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षं मोठी माणसं फॉल्ट शोधायला निघताना ती वही मागून न्यायची. असा मुलगा निष्काळजी होता हे माझ्या गळी उतरत नाही.

त्या रात्री फीडर उपकेंद्रातून बंद केला होता, परमिटही, म्हणजे लाईन बंद आहे, काम करा अशी उपकेंद्राची परवानगी, घेतलं होतं. तार तुटल्यामुळे पुढचा तुकडा मूळ लाईनपासून वेगळा पडला होता. त्या तुकड्यावरच्या एका घरात जनरेटर चालू होता, चेंजओव्हर स्विच (घर एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा) न लावता थेट घरच्या वायरिंगला जोडलेला. तो करंट सर्व्हिस वायरने उलटा डीपीत गेला. ट्रान्सफॉर्मरला दिशा नसते. एरवी तो 11,000 व्होल्टचे 230 करतो, उलटीकडून 230 दिले तर 11,000 करतो. आणि अर्थिंगचा सेट दोन टोळ्यांत मिळून एकच होता, तो दुसऱ्या टोळीकडे, पार दुसऱ्या टोकाला. सोबत्याने मला सांगितलं की फोनवरून ‘परमिट आहे ना, मग उरका’ असा निरोप होता. यातलं काहीच अहवालात नाही. जनरेटरसुद्धा ‘बाह्य स्रोतातून आलेला प्रवाह’ एवढ्यात उरकलाय.

खांबावरचा

तुमच्या घरावर जे कोसळलंय त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. मी हेच काम करून निवृत्त झालोय आणि माझ्या डोळ्यांदेखत माणसं गेलीत. तरीही मी तुमच्या विरुद्ध बाजूने बोलणार आहे, कारण हा धागा नवीन पोरं वाचतील.

परमिट म्हणजे उपकेंद्रातल्या माणसाने दिलेला शब्द. तो फक्त त्याच्या बाजूच्या स्विचबद्दल बोलतो, पुढून काय येतंय हे त्याला दिसत नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे: लाईन बंद करा, स्विच उघडलाय हे डोळ्यांनी बघा, कुलूप आणि पाटी लावा, टेस्टरने तपासा, मग कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडा. तोवर ती तार जिवंत समजायची. अर्थिंग लावलेलं असतं तर जनरेटर तिथल्या तिथे दमला असता आणि तुमचा भाऊ खाली उतरला असता.

सेट नव्हता? मग खांबावर चढायचं नाही. गाव अंधारात राहू दे. वरच्याने काहीही सांगू दे, बेल्ट आपण बांधतो. ‘दोष व्यवस्थेचा’ हे पोरांच्या डोक्यात बसलं तर पुढचा पोरगा टेस्टर न लावता हात घालेल.

निशिगंध

खांबावरचा, तुमचा क्रम अक्षरशः बरोबर आहे. मी सुरक्षेच्या कामात आहे, आम्ही हाच शिकवतो. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

धोका आवरायचे उपाय एका उतरंडीत मांडतात. सगळ्यात वर धोकाच काढून टाकणं. मग तो कमी धोक्याच्या गोष्टीने बदलणं. मग यांत्रिक अडथळा, म्हणजे जनरेटर आणि लाईन एकाच वेळी जोडताच येणार नाहीत असा स्विच. त्याखाली नियम, परमिट, प्रशिक्षण. सगळ्यात खाली हातमोजे आणि हेल्मेट. खालचे उपाय कमकुवत, कारण ते दरवेळी, पावसात, झोपमोड होऊनही, माणसाने न चुकता करण्यावर अवलंबून असतात. हातमोज्यांचंच बघा. 11 केव्हीला क्लास 2 चे रबरी मोजे लागतात, वापरण्याआधी प्रत्येक वेळी हवा भरून भोक आहे का बघायचं, वरून चामड्याचे मोजे चढवायचे, ठरावीक मुदतीने विजेची चाचणी करून घ्यायची. चाचणीची तारीख उलटून गेलेले मोजे गाडीत पडलेले मी बघितलेत. अशा वेळी ‘मोजे घातले नाहीत’ म्हणून ठपका कुणावर ठेवायचा?

सगळा दोष शेवटच्या माणसावर टाकायची ही सवय जुनी आहे. 1931 साली हर्बर्ट हाइनरिक या विमा कंपनीतल्या माणसाने 100 पैकी 88 अपघात कामगाराच्या असुरक्षित कृतीमुळे होतात असं मांडलं, आणि तो आकडा पुढे कित्येक वर्षं प्रशिक्षणात फिरत राहिला. त्याचा मोठा आधार होता पर्यवेक्षकांनी लिहिलेले अपघात अहवाल. ज्याच्यावर ठपका येऊ शकतो त्यानेच कारण लिहायचं, तर कारण कुठे सापडणार?

सरळरेषा

मी अभियंता आहे, मला मूळ हकिकतीतच एक शंका आहे. घरगुती जनरेटर तो केवढा. डीपीवरच्या सगळ्या घरांचा लोड एकदम त्याच्यावर आला तर तो क्षणात बंद पडेल. तो 11 केव्हीची लाईन चार्ज करून ठेवेल कसा? आधी कारण पक्कं करा, जबाबदारी त्यानंतर.

आणि निशिगंध, हाइनरिकचा आकडा कच्चा असेल, पण त्यावरून माणसं चुकत नाहीत असं सिद्ध होत नाही. इथे चूक झालीये, ती मूळ पोस्टमध्येच मान्य केलीये. चुकीला चूक म्हटलं नाही तर प्रशिक्षणात शिकवायचं काय?

माळरान

शंका रास्त आहे, मलाही आली होती. त्या तुकड्यावर एकच छोटी डीपी होती आणि मोजकी घरं. वादळाच्या भीतीने बाकीच्यांनी मेन स्विच पाडून ठेवले होते, म्हणजे लोड जवळपास नव्हताच. छोटी डीपी नुसती जागी ठेवायला फार कमी करंट पुरतो. आणि माणूस मरायलाही फारसा लागत नाही. 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आवळतात, हात सोडवत नाही. 100 च्या आसपास हृदयाचे ठोके बिघडतात.

चुकीला चूक म्हणूच नका असं मी कुठे म्हटलंय? ती अहवालाच्या पहिल्या पानावर यावी आणि पुढच्या पानांवर ती का घडली ते यावं. सेट एकच का होता, मागणी केली होती का, केली असेल तर कुणी अडवली. अहवालाला पुढची पानंच नाहीत.

निशिगंध

सरळरेषा, एक जुनी घटना. 11 ऑक्टोबर 1889, न्यूयॉर्क, मॅनहॅटन. जॉन फीक्स नावाचा लाईनमन तारयंत्राच्या तारांवर काम करत होता. त्या तारा कमी दाबाच्या, कामाला सुरक्षित मानलेल्या. पण दुसरीकडे कुठेतरी त्यातली एक तार उच्च दाबाच्या तारेला टेकली होती. भर दुपारी, गर्दीच्या डोक्यावर, तारांच्या जाळ्यात तो मेला आणि बराच वेळ तिथेच अडकून राहिला. ‘आपल्या बाजूची तार मेलेली आहे’ हा भरवसा तिथेही दुसऱ्या टोकाने मोडला.

त्याने रबरी मोजे घातले नव्हते एवढं लिहून फाईल बंद करता आली असती. पण लोक खवळले, खांबांचं ते जंगल कुणी उभं राहू दिलं हे विचारलं गेलं. महापालिकेने धोकादायक तारा आणि खांब उतरवायला घेतले, तारा जमिनीखाली गेल्या. नुसता ‘मोजे घाला’ असा फतवा निघाला असता तर हे झालं नसतं.

खांबावरचा

तारा जमिनीखाली घालायला वेळ लागतो. आज रात्री फॉल्ट आला तर आज रात्री कोणी तरी चढणार आहे, आणि मी त्याच्याशी बोलतोय. उतरंड वगैरे खरी असेल, पण खांबावरच्या माणसाच्या हातात तिची सगळ्यात खालची पायरीच असते. ती घट्ट धर असं मी त्याला सांगणार नाही तर कोण सांगणार?

मी स्वतः सेट नाही म्हणून काम नाकारलंय. शिव्या खाल्ल्या, बदली झाली, पण जिवंत आहे.

माळरान

तुमची बदली झाली, कारण तुम्ही कायम होतात. त्याची बदली झाली नसती. कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा आणला असता, तेही कागदावर कारण न देता. तुमच्या धैर्याबद्दल आदर आहे, पण नाही म्हणण्याची किंमत तुम्हा दोघांसाठी सारखी नव्हती.

‘चढायचं नाही’ हा नियम खरा व्हायचा असेल तर काम थांबवणाऱ्याचा रोजगार सुरक्षित असला पाहिजे, तेही लेखी. बऱ्याच देशांत गंभीर धोका दिसला तर काम नाकारायचा हक्क कायद्यात आहे. तो हक्क कंत्राटी मुलाला खरंच वापरता येतो का, हे चौकशीने विचारलं पाहिजे.

रविवारचा वाचक

आमच्याकडे जनरेटर आहे. वीज गेली की मी तो दोन्ही बाजूंना पिन असलेल्या वायरने सॉकेटमध्ये जोडतो आणि मेन स्विच आठवणीने बंद करतो. आठवणीने बंद केलं तर चालतं ना?

सरळरेषा

नाही. ती वायर आजच तोडून टाका. ज्या दिवशी मेन पाडायचं विसराल, किंवा घरातलं दुसरं कोणी जनरेटर चालू करेल, त्या दिवशी तुमचं घर म्हणजे एक छोटं उपकेंद्र होईल. शिवाय वायरचं एक टोक निघालं तर उघड्या पिना जिवंत राहतात. परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्याचा दांडा एकतर लाईनला जोडतो नाहीतर जनरेटरला, दोन्ही एकदम जोडताच येत नाहीत.

हे लिहिताना निशिगंधचा मुद्दा मला जास्त पटला हे मान्य करतो. इथे मी तुम्हाला ‘आठवण ठेवा’ असं सांगितलं नाही, स्विच बसवायला सांगितलं. तरी अर्थिंगच्या बाबतीत मी खांबावरचा यांच्याच बाजूने आहे. तिथे अजून तरी असा दांडा नाही, माणूसच आहे.

खांबावरचा

माळरान, रोजगाराचा मुद्दा खरा आहे. मला त्या बाजूने विचार करावा लागला नव्हता. तुम्ही एक करा. दोन्ही टोळ्यांना साहित्य दिल्याची नोंदवही मागा. सेट कुणाच्या सहीने कधी दिला, मोजे कधी तपासले, सगळं तिथे असतं. परमिटच्या पुस्तकात वेळा असतात, त्या फोनच्या वेळांशी जुळवा. जनरेटरवाल्याचा जबाबही मागा, तो सुटता कामा नये.

आणि पोरांना मी अजूनही तेच सांगणार. सेट नसेल तर बेल्ट बांधू नका.

माळरान

सांगत राहा. त्याला ते रोज कुणी सांगायला हवं होतं, आणि सोबत दुसरा सेटही द्यायला हवा होता.

फेरचौकशीचा अर्ज तयार आहे, नोंदवही आणि परमिटच्या वेळा त्यात घालतो. सोबत्याचा जबाब जोडायचा होता. त्याने अजून सही केलेली नाही. त्याचंही कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय.