मदत हवी आहे : पावसाळ्यात चिखलदरा-गाविलगड पायी, कॅमेऱ्याचं काय नेऊ, काय ठेवू?

पायवाट_परतवाडा :
ऑगस्टअखेर दोन दिवस चिखलदऱ्याला जाणार आहे. गाविलगड आणि भीमकुंडाचा धबधबा, दोन्ही पायी. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२०० मिमी लेन्स, दीड किलोचा ट्रायपॉड. कपडे-पाणी धरून सॅक आधीच आठ किलो. तीन अडचणी आहेत : लेन्सवर वाफ धरते, धुक्यातले फोटो मळकट येतात, धबधबा पांढराफट्ट होतो. आणि ट्रायपॉड न्यायचा की नाही?

सातपुडा_वारा :
भाऊ, पहिले वाफेचं पाहू. ती बरेचदा पावसाची नसते, आपल्याच घामाची असते. पोंचोच्या आत छातीशी कॅमेरा लटकवला की आतली दमट, गरम हवा थंड काचेवर बसते. कॅमेरा पोंचोच्या बाहेर ठेवा, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला अडकवून, लेन्सचं तोंड खाली आणि वरून शॉवर कॅप. लेन्सवर यूव्ही फिल्टरची जादा काच असेल तर ती काढून टाका. फिल्टर आणि काचेच्या मधात वाफ शिरली तर तिथं फडकं पोचत नाही. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा २० मिनिटं बंद झिपच्या पिशवीतच राहू द्या.

रात्री त्याच पिशवीत ५० ग्रॅम सिलिका जेल टाका. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ते ओलाव्यानं भरले. मंद आचेवर निळे होईस्तोवर परता. पोळीचा तवा वापरू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. तांदळात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी देईलच, ऐकू नका. पीठ झूमच्या रिंगेत जातं.

वऱ्हाडी_काच :
धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. सगळं पांढरं दिसलं की त्याला राखाडी करायला पाहतो, म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ ते +१ द्या. धबधब्याला उलट. भोवती काळा पाषाण आणि गर्द झाडी, त्यामुळं मीटर फोटो उजळवतो अन् पाणी पांढरंफट्ट होतं. तिथं −०.७ द्या, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू देऊ नका, फोटो रॉ (कच्च्या फाइल) मध्ये काढा.

पाण्याचे धागे दिसायला दाट ढगात आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११ आणि पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून शटर १/४ ते १/८ सेकंदावर येतं. एफ/२२ वर जाऊ नका, क्रॉप सेन्सरवर फोटो मऊ पडतो, रेखीव येत नाही. पोलरायझरचा खरा उपयोग मात्र गाविलगडाच्या दरवाज्यापाशी आहे. गंडभेरुंडाचं (दोन तोंडांच्या पक्ष्याचं) कोरीवकाम ओलं असलं की नुसतं चमकतं. तिरपे उभे राहून पोलरायझर हळूहळू फिरवा, चमक उतरते आणि दगडातल्या रेघा वर येतात. धुक्यात ऑटोफोकस मागंपुढं करत बसतो. झाडाच्या काळ्या बुंध्यावर फोकस धरा आणि मॅन्युअलवर टाका.

सातपुडा_वारा :
ट्रायपॉड घरीच ठेवा. अर्धा किलो तुरीची डाळ प्लास्टिकच्या पिशवीत, ती कापडी थैलीत. कठड्यावर ठेवून वर कॅमेरा दाबून बसवा, दोन सेकंदाचा टायमर लावा. संध्याकाळी वरणाची सोय.

वऱ्हाडी_काच :
राजेहो, कठडा असेल तिथंच ना! भीमकुंडाकडं चिखलात डाळ कुठं ठेवाल? ५५-२०० ला हलका तरी ट्रायपॉड लागतोच. मधला दांडा वर काढायचा नाही. सॅक त्याला अधांतरी लटकवू नका, वाऱ्यानं झुलते आणि फोटो हलतो. सॅकचं बूड जमिनीला टेकलेलं हवं. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सांभाळणारी सोय) बंद करा.

पायवाट_परतवाडा :
म्हणजे वजनासाठी एक लेन्स काढावी? आणि एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) घेऊ का?

वऱ्हाडी_काच :
लेन्स दोन्ही न्या, पण पावसात बदलू नका. गडावर १८-५५, धबधब्याला ५५-२००, बदल मुक्कामावरच. एनडी ऑगस्टच्या ढगात लागत नाही. त्या पैशात एक जादा बॅटरी आणि मायक्रोफायबरची चार फडकी घ्या.

सातपुडा_वारा :
आणि ड्रोन आणणारा कोणी सोबत असेल तर त्याला आधीच सांगा, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय चालत नाही. जंगलात तंबूही नाही. मुक्काम गावातच करा.