स्पीकरच्या वायरीला चुंबकाची कडी लावल्याने आवाज सुधारतो का?

म्हार्दोळची_श्रोती: नमस्कार. आमच्या बाबांनी देवळातली उत्सवी नाटकं आणि भजनं कॅसेटवर उतरवून ठेवली आहेत. त्यातले काही गायक आता नाहीत, त्यांचा आवाज एवढाच उरलाय. डेक, ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर असा जुनाच संच आहे. मडगावच्या एका दुकानात वायरीवर बसवायच्या कड्या दिल्या, म्हणे आवाज मोकळा होतो. लावू का? लेकीने मोबाईल उभा करायचं चुंबकी स्टँड डेकवरच ठेवलंय, आणि कॅसेटी स्पीकरला लागून फळीवर आहेत. केसरबाई केरकरांची एक जुनी तबकडीही तिथेच आहे. कशाला धोका आहे?

म्हापशाचा_रिपेरर: बाय, आधी त्या कॅसेटी तिथून हलवा, मग पुढचं वाचा. स्टँडही डेकवरून काढा. फितीवरचा आवाज म्हणजे लोहाच्या ऑक्साइडच्या कणांवरची चुंबकी नक्षी. जवळचा जोरदार चुंबक ती पुसतो, आणि पुसलेलं परत येत नाही. स्पीकरच्या पाठीतही मोठा चुंबक असतोच. जमेची बाजू ही की लहान चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. अंतर दुप्पट केलं की साधारण आठवा हिस्सा उरतो. हातभर लांबचं लाकडी कपाट पुरे. तबकडीची काळजी नको, तिच्यात आवाज खाचांत कोरलेला असतो, चुंबकाचा संबंधच नाही.

आता कड्या. टाचणी लावून बघा. चिकटली तर तो साधा चुंबक, आणि स्थिर चुंबकाने तांब्याच्या तारेतला आवाज बदलत नाही. तारेत वीज उपजायला चुंबकी क्षेत्र बदलावं लागतं. शास्त्रज्ञ फॅरडेने हे १८३१ मध्येच दाखवलं. टाचणी चिकटली नाही तर ती बहुधा फेराइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनवलेल्या ठिसूळ पदार्थाची, कडी. ती रेडिओ लहरींचा उपद्रव अडवते, म्हणजे मेगाहर्ट्झच्या घरातला. आपण ऐकतो २० ते २०,००० हर्ट्झ. त्यावर तिचा परिणाम जाणवत नाही.

फोंड्याचा_तबलजी: एका बाबतीत फेराइटचा उपयोग होऊ शकतो. टूजी मोबाईल जवळ ठेवला की स्पीकरमधून टर्र-टर्र यायचं ना, तसा त्रास असेल तर कडी लावून बघायला हरकत नाही. फोन लांब ठेवणं मात्र फुकटात होतं. सतत ‘हं’ असा घुमारा येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा. ट्रान्सफॉर्मर आणि सिग्नलची वायर वेगळी करा, अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात जॅकवर चढणारी काजळीच आवाज अधिक खाते. ती पुसली की फरक ऐकू येईल.

म्हार्दोळची_श्रोती: देव बरें करूं दोघांचं. टाचणी चिकटली! कड्या परत देते. कॅसेटी आईच्या खोलीतल्या कपाटात नेल्या. आता त्या संगणकावर घ्यायच्या आहेत.

म्हापशाचा_रिपेरर: पाऊस सुरू व्हायच्या आत घ्या, ओलीत फितीला बुरशी धरते. आधी डेकचं हेड, म्हणजे फीत जिथे घासून जाते तो आवाज वाचणारा भाग, स्पिरिटने पुसा. हेडचं चुंबकत्व काढायचं यंत्र वापरणार असाल तर तेव्हा एकही कॅसेट त्या खोलीत नको. फाईल वेव्हमध्येच (WAV, आवाज न कापता जसाच्या तसा ठेवणारा प्रकार) ठेवा, एमपीथ्री नंतर हवी तेव्हा करता येते. जी नाटकं दुसऱ्या कुणाकडे नाहीत, ती पहिली.