स्प्लिट कीबोर्डची ॲक्रिलिक केस: स्विच ढिले आणि कोपऱ्यांना तडे

कीकॅप_किडा:
मंडळी, कॉर्न नावाचा स्प्लिट (दोन भागांचा) कीबोर्ड बनवतोय, 42 कीजचा, हॉटस्वॅप (म्हणजे स्विच सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसतात), एमएक्स प्रकारचे स्विच. केस एकदम सुटसुटीत हवीये, वर एक पारदर्शक प्लेट, खाली एक, मध्ये एम2 (2 मिमी) स्क्रूचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे प्लेटांमध्ये अंतर राखणारे खांब, बाजूला भिंती-बिंती काही नाही. नेमप्लेटा कापणाऱ्या एका काकांकडून 3 मिमी ॲक्रिलिक लेझरने कापून आणलं, ड्रॉइंगमध्ये स्विचची भोकं बरोब्बर 14 मिमीची होती, पण स्विच क्लिक होऊन बसतच नाहीत, कीकॅप ओढला की अख्खा स्विच हातात! वर दोन दिवसांनी भोकांच्या कोपऱ्यांना केसाएवढे तडे दिसायला लागले. काकांनी हलका माल गळ्यात मारला का? परत कापायचं तर काय बदलू?

तिरपागडा:
पहिली गोष्ट, 3 मिमीत एमएक्स स्विच क्लिक होणारच नाही, त्याच्या खिट्ट्या 1.5 मिमी जाडीच्या प्लेटखाली अडकतात. 3 मिमीत तो नुसता घर्षणावर उभा राहतो आणि तुझं तर भोकही मोठं झालंय. लेझर रेषेच्या मधोमध चालतो, कडेचं थोडं मटेरियल जळून जातं त्याला कर्फ म्हणतात, तो 0.2 धरला तर 14चं भोक 14.2 होतं. पण हा आकडा माझ्या भरवशावर घेऊ नकोस, मशीन आणि फोकसप्रमाणे बदलतो. वरची प्लेट 1.5 मिमीची घे, आधी त्याच शीटच्या तुकड्यावर 13.7 पासून 13.9 पर्यंत 0.05च्या फरकाने पाच भोकं पाडून घे, जे स्विचला घट्ट धरेल तेच सगळीकडे. मी हे न करता थेट दोन प्लेटा कापल्या होत्या, त्या आता चहाचे कप ठेवायला वापरतो 😅

नेमप्लेटवाला:
आमचा धंदाच हा आहे म्हणून विचारतो, प्लेट कशाने पुसलीत?

कीकॅप_किडा:
आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने. सोल्डरिंगचा फ्लक्स साफ करायला बाटली होतीच हाताशी, म्हटलं कडेची काजळी पण निघेल.

नेमप्लेटवाला:
मग काकांना कशाला बोल लावता! लेझरने कापलेल्या कडेत ताण राहिलेला असतो, तिथे अल्कोहोल लागलं की बारीक तडे जातात, आणि ते लगेच दिसतीलच असं नाही. सॅनिटायझरनेही तेच होतं. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. शीट घेताना कास्ट (ओतून बनवलेली) मागा, एक्सट्रूडेड (दाबून काढलेली) नको, त्यात तडे लवकर जातात. भोकाचे कोपरे अगदी काटकोनी ठेवू नका, किंचित गोल द्या. आणि स्क्रू पिळून आवळू नका.

तिरपागडा:
हो, आणि उंचीचा हिशोब बघ. 1.5च्या प्लेटखाली पीसीबीपर्यंत (सर्किट बोर्डपर्यंत) 3.5 मिमी, पीसीबी 1.6, खाली हॉटस्वॅप सॉकेट साधारण 1.8, म्हणजे 6.9 झाले, 8चा स्टँडऑफ लाव. खालची प्लेट 3चीच राहू दे, वजन येतं. फक्त 1.5 ॲक्रिलिक अंगठ्याच्या कीजपाशी लवतं, दोन भोकांमध्ये जेमतेम 5 मिमीची पट्टी उरते ना. मला विचारशील तर एफआर4ची (पीसीबीच्याच फायबरग्लासची) प्लेट कर, पीसीबीवाल्यांकडूनच होते, पण तुला आरपार दिसायला हवंय 🙄

कीकॅप_किडा:
आरपारच पाहिजे, एवढं सुबक सोल्डरिंग केलंय ते काय झाकून ठेवू?

(आठवड्याने)
अपडेट: काकांकडे परत गेलो, आधी सॉरी म्हटलं. तुकड्यावर 13.8चं भोक बसलं, टक्क आवाज आला. डाव्या-उजव्याला एकच फाइल दिली, एक प्लेट पलटी मारली की झालं. अंगठ्याखाली जरा लवतंय, तिथे एक जास्तीचा स्टँडऑफ टाकलाय, बाकी मस्त. चाचणीच्या तुकड्याचे पैसे काकांनी घेतलेच नाहीत.