ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग: गरीची सवय असलेल्याने सुरुवात कशी करावी?

खाडीकाठ_देवगड
नमस्कार. लहानपणापासून मी वडिलांबरोबर खाडीवर गरवायला जात आलो आहे. तंगूस (नायलॉनची दोरी), शिसे, गरी आणि कोळंबीचे आमिष एवढीच साधने मला ठाऊक आहेत. एप्रिलअखेर हिमाचलातील तीर्थन खोऱ्यात आठ दिवस राहण्याचा योग आला असून, तेथे फ्लायवर, म्हणजे किड्यासारख्या बनावट आमिषावर, ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरून पाहावा अशी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी 5 नंबरचा 9 फुटी रॉड आणि रीळ घेतले, त्यावर नेहमीचे तंगूस भरले आणि फ्लाय फेकून पाहिली; पण ती चार हातांपलीकडे जातच नाही. माझे कोठे चुकते? शिवाय आंबोलीसारख्या थंड ठिकाणी, सह्याद्रीच्या एखाद्या नदीत ट्राउट असल्यास आधी तेथे सराव करता येईल का?

माडाखाली_रत्नागिरी
आपला हात चुकत नाही, दोरी चुकली आहे. गरी फेकताना शिसे पुढे जाते आणि तंगूस त्याच्यामागून ओढले जाते. येथे नेमके उलटे असते: फ्लाय म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळलेली गरी, तिला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून फेकायची असते ती जाड फ्लाय लाइन, आणि फ्लाय तिच्यामागून जाते. 5 नंबरच्या लाइनच्या पुढच्या 30 फुटांचे वजन सुमारे 9 ग्रॅम असते. रॉड वाकतो तो त्या वजनाने. रॉडच्याच नंबरची, पाण्यावर तरंगणारी लाइन घ्यावी आणि तिच्या टोकाला निमुळता होत जाणारा सुमारे 9 फुटांचा लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणारा बारीक धागा, बांधावा. आपले तंगूस फार तर लीडरच्या शेवटच्या हातभर तुकड्यासाठी उपयोगी पडेल, तेही अगदी बारीक असल्यास.

आता फेक. गरवणाऱ्या माणसाला सर्वांत जड जाते ते मागे थांबणे. रॉड झटक्यात उचलून खांद्याच्या जरा मागे आणल्यावर तो तेथेच रोखून धरायचा, आणि मागे गेलेली लाइन हवेत उलगडून सरळ होईपर्यंत पुढे आणायचाच नाही. घाई केली की चाबूक ओढल्यासारखा कडाड आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाते. मान वळवून मागची लाइन डोळ्यांनी पाहावी. आठवडाभर तसे केले की न पाहताही तिचा ताण तळहाताला जाणवू लागतो, आणि तो जाणवला की पुढे यायचे. मनगट सैल सोडू नये, कारण रॉड फार मागे पडला की लाइन जमिनीवर आपटते.

सराव खळ्यात किंवा कापणी झालेल्या शेतात करावा. गरीऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधावा, म्हणजे कान आणि डोळे दोन्ही सुरक्षित राहतात. मागे माड नसावेत, झावळांत अडकलेली लाइन सोडवताना तिचे आवरण खरवडते. वेळ सकाळची धरावी; दुपारी खारे वारे सुटले की नवशिक्याची लाइन सरळ पडत नाही.

वाशिष्ठीकाठ
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. ट्राउटला बारमाही थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी 20 अंशांच्या वर गेले की तो त्रासतो. आंबोली सुमारे 690 मीटर उंच असली तरी तेवढी उंची त्यासाठी पुरत नाही. मुळात हा मासा आपल्या देशातला नव्हेच. 1900 च्या सुमारास ब्रिटिशांनी त्याची अंडी आणून काश्मिरात तो रुजवला आणि पुढे हिमाचलात नेला; निलगिरीतही तो त्यांनीच आणला.

तीर्थनसाठी मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा. तेथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते, त्यामुळे आपला एप्रिल योग्य आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून, बहुधा दगडाच्या आडोशाला, वाहून येणाऱ्या किड्यांची वाट पाहत उभा असतो; म्हणून खालच्या बाजूने, वाकून, पाण्यावर सावली पडू न देता जावे. वरच्या अंगाला टाकलेली फ्लाय प्रवाहाच्याच वेगाने खाली यायला हवी. लाइनने ती किंचित जरी ओढली गेली, तरी ट्राउट तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. तो बहुतेक खाणे पाण्याखालीच घेत असल्याने तरंगणाऱ्या फ्लायबरोबर काही निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या फ्लाय, जवळ असू द्याव्यात.

भांग_उधाण
खरा मासा ओढून पाहायचा असेल, तर आपली खाडी आहेच. तांबोशी आणि जिताडा लहान माशाच्या आकाराची फ्लाय घेतात, मात्र त्यांच्यासाठी 8 नंबरचा रॉड हवा, आणि घरी परतल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुतलेच पाहिजे. एक विनंती: महाडजवळ वाळणकोंडीसारख्या देवाच्या डोहांतले मासे गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत, सरावासाठीही तेथे गळ टाकू नये.

खाडीकाठ_देवगड
सर्वांचा मनापासून आभारी आहे. लाइन बदलली, मळ्यात लोकर 35 फुटांपर्यंत सरळ पडू लागली आणि मागचा तो ताण काल प्रथमच हाताला कळला. मासा लागल्यावर गरीसारखा जोराचा हिसका द्यावा का?

वाशिष्ठीकाठ
नको, लीडरचे टोक बारीक असते, ते तुटेल. ट्राउटला रॉड फक्त वर उचलावा. जिताड्याला मात्र रॉड खालीच ठेवून डाव्या हाताने लाइन खेचावी. आणि निघण्यापूर्वी प्रत्येक गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे ओल्या हाताने धरून, पाण्याबाहेर न काढताच ट्राउट सोडता येईल.