गेटवरची गर्दी आणि दवाखान्यातली शांतता: साथीने कामाच्या ठिकाणच्या आरोग्यसेवेची मागणी खरोखर वाढवली का?

पाळीप्रमुख

औद्योगिक सुरक्षेवरच्या एका परिसंवादात नुकताच बसलो होतो. कोविडच्या साथीने कामाच्या ठिकाणच्या आरोग्यसेवेची मागणी कायमची वाढवली, असे एका वक्त्याने ठामपणे सांगितले आणि सभागृहातल्या कोणालाही त्यावर शंका काढावीशी वाटली नाही. मला मात्र ती काढावीशी वाटते, म्हणून हा धागा.

साथीत वाढली ती कामगाराला आत सोडायचे की परत पाठवायचे हे ठरवणाऱ्या तपासणीची मागणी. 15 एप्रिल 2020 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी कारखाना पुन्हा सुरू करण्यासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत गेटवर ताप मोजणे, दोन पाळ्यांमध्ये तासाभराचे अंतर ठेवणे आणि कामगारांचा वैद्यकीय विमा उतरवणे या गोष्टी होत्या. पुढे एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने 500 पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना स्वतःची विलगीकरणाची सोय उभारायला सांगितले, आणि त्याच महिन्याच्या 11 तारखेपासून कामाच्या ठिकाणी लसीकरणही सुरू झाले. या सगळ्यासाठी माणसे लागली, थर्मल गन लागल्या, नोंदवह्या लागल्या. खर्च झाला हे मी नाकारत नाही.

परंतु कारखान्यातल्या दवाखान्याचे, म्हणजे ज्याला आपण सगळे ओएचसी म्हणतो त्याचे, मूळ काम काय आहे? प्रेसशॉपमधल्या माणसाची श्रवणशक्ती वर्षागणिक किती उतरते आहे, रंगकाम करणाऱ्याच्या फुप्फुसाची ताकद कमी होते आहे का, सततच्या रात्रपाळीने कोणाचा रक्तदाब चढला आहे, हे पाहणे. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुप्फुसाच्या तपासणीत, जोराने फुंकावे लागते, त्यामुळे संसर्गाच्या भीतीने ती पहिल्यांदा थांबली. ऑडिओमेट्रीची, म्हणजे कानांच्या तपासणीची, बंद खोली त्यामागोमाग बंद झाली. मी ज्या वाहनउद्योगातल्या कारखान्यात होतो तिथे कंपनीचे डॉक्टर त्या वर्षी यंत्रांच्या ओळींमधून एकदाही फिरले नाहीत, कारण त्यांचा दिवस अहवाल गोळा करण्यात आणि कोणी किती दिवस घरी बसायचे हे ठरवण्यात जात असे. दवाखान्यातल्या भेटींचा आकडा त्या वर्षी अर्थातच प्रचंड दिसतो. तो आकडा पाहून सेवा वाढली असे म्हणणे म्हणजे रेशनच्या दुकानापुढची रांग मोजून गावाची भूक भागली असे म्हणण्यासारखे आहे.

लघुउद्योजक_भोसरी

आपले विवेचन मोठ्या कारखान्यांपुरते बरोबर असेल, परंतु एमआयडीसी म्हणजे केवळ मोठे कारखाने नव्हेत. माझ्या वर्कशॉपमध्ये 38 माणसे आहेत आणि काम लेथचे, सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे. धोकादायक प्रक्रियेच्या यादीत आम्ही येत नाही. तेव्हाचा कारखाने कायदा आमच्याकडून प्रथमोपचाराची पेटी मागत असे, आणि तीही दर 150 कामगारांमागे एक. अँब्युलन्स रूमची अट 500 च्या पुढे लागू होत असे. त्यामुळे 2020 पूर्वी माझ्याकडे आरोग्यसेवा म्हणजे आयोडीन, पट्ट्या आणि टाके पडण्याइतके बोट कापले तर रिक्षाचे भाडे, एवढेच होते. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण वस्तुस्थिती तीच होती.

साथीनंतर काय आहे? जवळच्या एका डॉक्टरांशी महिन्याच्या ठरावीक रकमेवर बोलणे केलेले आहे. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 ला, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि फोनवरून सल्ला देण्याला रीतसर आधार मिळाला. ती सोय नसती तर कोणताही डॉक्टर 38 माणसांसाठी माझ्या शेडमध्ये आला नसता. ज्यांचा पगार ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, 21,000 रुपयांच्या मर्यादेबाहेर गेला आहे, अशा सात जणांचा गटविमा मी साथीत उतरवला आणि आजही भरतो आहे. सरकारी अट कधीच कोणी विचारेनाशी झाली, तरीही भरतो आहे.

शून्याचे एक झाले, तर त्याला मागणी वाढली असेच म्हणतात. आपल्याकडे दहाचे आठ झाले असतील.

ओएचसी_सिस्टर

मी बारा वर्षे कारखान्यांच्या दवाखान्यांत परिचारिका आहे. पाळीप्रमुखांनी गेटवरच्या तपासणीला जरा तुच्छतेने उडवून लावले आहे, त्याला माझा आक्षेप आहे.

त्या रांगेत मला अशी माणसे भेटली जी दवाखान्याची पायरी कधीच चढली नव्हती. ताप मोजता मोजता बोलणे होई, एखाद्याचा चेहरा पाहून मी रक्तदाब घेई, आणि आपल्याला साखर आहे हे माहीतच नसलेली माणसे त्यातून सापडली. आणखी एक गोष्ट घडली, जिची दखल कोणी घेतलेली नाही. आमच्या नोंदवहीत तोवर फक्त कायम कामगारांची नावे असत. कंत्राटी कामगारांचे आरोग्य ही ठेकेदाराची बाब, असा अलिखित नियम होता. परंतु विषाणू गेटपासचा रंग पाहत नाही हे व्यवस्थापनाच्या लक्षात आले आणि जून 2020 मध्ये प्रथमच हाउसकीपिंग, लोडिंग आणि कँटीनच्या सगळ्या माणसांची नावे, पत्ते, जुने आजार माझ्या वहीत आले. एवढ्या वर्षांत मी मागून जे मिळाले नव्हते ते एका आठवड्यात मिळाले.

मात्र लघुउद्योजकांच्या बाजूनेही मला पूर्ण उभे राहता येत नाही. 2022 च्या उन्हाळ्यात निर्बंध उठले आणि ती नावे वहीतून पुन्हा वगळली गेली. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले की आता त्याची आवश्यकता नाही.

आणि एक प्रश्न दोघांनाही. मागणी कोणाची, हे तुम्ही दोघे गृहीतच धरता. मालकाची आणि सरकारची. कामगाराने त्या काळात दवाखान्याकडे काय मागितले? बहुतेकांनी एकच मागितले: मला आजारी म्हणून नोंदवू नका. गोळी घेऊन ताप उतरवून गेटवर येणारे मी रोज पाहत होते. ईएसआयचा आजारपणाचा लाभ पगाराच्या 70 टक्के असतो, पण सुरुवातीचे दोन दिवस साधारणपणे कोरडे जातात, कागद पुढे सरकायला वेळ लागतो आणि ठेकेदाराने वर्गणीच वेळेवर भरली नसेल तर सगळेच अधांतरी. घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते. ज्या दवाखान्यात गेल्याने हजेरी बुडते, त्या दवाखान्याची मागणी साथीत वाढत नाही, ती लपते.

गिरणगावचा_नातू

सिस्टरांनी जो प्रश्न विचारला त्याचे एक उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे, म्हणून थोडे मागे जातो.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लोक लाखांच्या संख्येने शहर सोडून गेले आणि गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. तोवरची रीत अशी होती की पगार महिन्याने आणि तोही आधीचा महिना अडकवून मिळे. त्या हंगामात मात्र गिरणीमालक एकमेकांची माणसे पळवू लागले, रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले, नाक्यावर उभे राहून मजुरीची बोली लावल्याच्या हकिगती नोंदल्या गेल्या आहेत. माणूस टिकवण्यासाठी काहीही करायची तयारी त्यांनी दाखवली. माणसे परतली आणि जुनी रीतही परतली. कामगारांच्या आरोग्यविम्याचा कायदा त्यानंतर अर्ध्या शतकाने, 1948 मध्ये आला.

2020 चा क्रम यापेक्षा फार वेगळा नव्हता. मे महिन्यात माणसे चालत, ट्रकमधून, श्रमिक रेल्वेने गावी गेली. जूनपासून त्यांना आणायला ठेकेदारांनी बसगाड्या धाडल्या, काहींनी तपासणीचे आणि राहण्याचे पैसे दिले. मला वाटते की मालकाकडून येणारी आरोग्यसेवेची मागणी रोगाच्या तीव्रतेवर अवलंबून नसते, ती बदली माणूस किती सहज मिळतो यावर अवलंबून असते. सिस्टरांच्या वहीतली नावे 2022 मध्ये का वगळली गेली, याचेही उत्तर यातच आहे.

लघुउद्योजक_भोसरी

प्लेगचा दाखला वाचनीय आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. माझा सीएनसी चालवणारा माणूस तयार व्हायला दोन वर्षे लागतात. तो मला 2020 मध्येही सहज मिळत नव्हता आणि आजही मिळत नाही. मग आपल्याच तर्काने त्याच्या आरोग्यावर मी 2018 मध्येही खर्च करायला हवा होता, आणि मी तो केला नव्हता. का केला नव्हता? कारण मला त्याचे महत्त्व कळले नव्हते. एप्रिल 2021 मध्ये माझा एक फिटर ऑक्सिजनच्या खाटेसाठी दोन दिवस फिरत राहिला, मी त्याच्यासाठी फोन लावत होतो आणि त्याचा रक्तगट, त्याची साखर, त्याच्या घरच्यांचा नंबर यांतले मला काहीही माहीत नव्हते. तो वाचला. पण त्या दोन दिवसांनी मला जे शिकवले ते बदली माणूस मिळण्या-न मिळण्याच्या हिशेबात बसत नाही.

शिवाय कायदाही बदललाच. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य यांची संहिता सप्टेंबर 2020 मध्ये, ऐन साथीत, संसदेने मंजूर केली आणि तिच्यात मोफत वार्षिक तपासणी आहे. हा साथीचा परिणाम नाही तर काय?

पाळीप्रमुख

फिटरचा प्रसंग वाचून मी माझ्या पहिल्या लेखनातला एक शब्द मागे घेतो. वाढ मुळीच झाली नाही, असे जे माझ्या लिहिण्यातून ध्वनित होत होते, ते लहान वर्कशॉपच्या बाबतीत खरे नाही. जिथे काहीच नव्हते तिथे काहीतरी आले, हे मान्य.

संहितेविषयी मात्र आपली गफलत होते आहे. वार्षिक तपासणीची तरतूद जुलै 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकातच होती, तेव्हा या विषाणूचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. साथीत ती संमत झाली हे खरे, पण अंमल सुरू व्हायला 21 नोव्हेंबर 2025 उजाडले. साथीने खरोखरच मागणीचा रेटा निर्माण केला असता, तर हातात तयार असलेला कायदा पाच वर्षे फडताळात राहिला नसता. मला तर हा माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो.

हिंजवडीहून

चर्चा गेट आणि यंत्रे यांच्याभोवती फिरते आहे, म्हणून आमच्या कार्यालयांतले थोडक्यात नोंदवतो. आमच्याकडे वाढली ती समुपदेशनाची सोय. फोनवर मानसोपचारतज्ज्ञ, ऑनलाइन ध्यानवर्ग, बसण्याच्या पद्धतीवर व्याख्याने. यातले समुपदेशन टिकले आहे आणि त्याचा उपयोग होतो, हे मी अनुभवाने सांगू शकतो. परंतु माझ्या गटातले कितीतरी जण कंपनीचा क्रमांक न लावता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावतात, कारण कंपनीच्या समुपदेशकाकडचे बोलणे मनुष्यबळ विभागापर्यंत जात नाही यावर त्यांचा विश्वास नाही. सिस्टरांनी सांगितलेली ताप लपवण्याची गोष्ट आणि ही गोष्ट मला एकच वाटते.

गिरणगावचा_नातू

लघुउद्योजकांनी माझ्या तर्कातली फट बरोबर दाखवली. बदली माणसाचा हिशेब सगळे सांगत नाही. तरी एक विचारतो, रागावू नये: ते सात जण आणि डॉक्टरांशी केलेले बोलणे, यांत आपल्याकडे ठेकेदारामार्फत येणारी माणसे धरलेली आहेत का?

लघुउद्योजक_भोसरी

रागावण्यासारखे काही नाही. डॉक्टरांकडे सगळ्यांना जाता येते. फोनवरचा सल्ला सगळ्यांना आहे. पॅकिंगला येणारे सहा जण ठेकेदाराचे आहेत आणि ते त्याच्यामार्फत ईएसआयमध्ये आहेत, असे तो सांगतो. त्यांची वर्गणी भरल्याची चलने मी स्वतः पाहिलेली नाहीत. सोमवारी मागवतो.

ओएचसी_सिस्टर

मागवाच, आणि फक्त चलन पाहू नका, त्यावरची नावे आणि दिवस ताडून पाहा.

पाळीप्रमुखांनी सुरुवातीला ऑडिओमेट्रीचा उल्लेख केला होता, त्यावर एक लिहायचे राहिले. आमच्याकडे प्रेसशॉपमधल्या कामगारांच्या कानांची तपासणी 2019 मध्ये झाली आणि त्यानंतर थेट 2022 मध्ये. मधली दोन वर्षे कोरी आहेत. त्याच काळात माणसे कमी म्हणून उरलेल्यांनी बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या, म्हणजे आवाजातले तास वाढले. 2022 चे आलेख मी जेव्हा 2019 च्या शेजारी ठेवले तेव्हा चौघांच्या बाबतीत चार हजार हर्ट्‌झपाशी दरी, म्हणजे आवाजाने कान बिघडल्याची खूण, स्पष्ट दिसत होती. ही हानी नुकसानभरपाईच्या दाव्यात मांडायची, तर ती केव्हा आणि कोणत्या विभागात झाली हे विचारले जाते. दोघे मधल्या काळात दुसऱ्या विभागात गेले होते. एकाने ठेकेदार बदलला. त्या चौघांपैकी एक जण मला दर महिन्याला येऊन विचारतो की मधले कागद सापडले का. मधले कागद नाहीतच, हे त्याला दोनदा सांगून झाले आहे. तो तरी येतो.