अभ्यासिकेत निम्म्या मशीनवर नेट येतं, निम्म्यांवर नाही. पत्ते वेगवेगळे का दिसतात?

सांगोलेकर
नमस्कार. सांगोल्याजवळ आमच्या गावाने वर्गणीतून अभ्यासिका उभी केली आहे. खाली १२ कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. वरच्या मजल्यावर मुलं स्वतःचे लॅपटॉप, मोबाइल घेऊन बसतात. ती मी सांभाळतो. शिक्षण बी.ए. मराठी, नेटवर्कमधलं जे कळतं ते हाताळून शिकलोय.

मंगळवारपासून सकाळी मशीन चालू केली की पाच-सहांवर नेट येतं, बाकीच्यांवर नाही. काल ज्यावर चाललं त्यावर आज चालेलच असं नाही. लाइन खराब म्हणावी तर शेजारच्या मशीनवर व्हिडिओ चालू असतो. आयपीकॉन्फिग (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी कमांड) मारून सगळ्यांचे पत्ते वहीत उतरवले. चालणाऱ्यांचे १९२.१६८.१ ने सुरू होतात, गेटवे (म्हणजे ज्या राउटरमधून बाहेर जायचं त्याचा पत्ता) १९२.१६८.१.१. न चालणाऱ्यांचे १९२.१६८.० ने, गेटवे १९२.१६८.०.१. ७ नंबरचं मशीन तिसरंच सांगतं, १६९.२५४ पासून पुढे. मी एकही पत्ता हाताने टाकलेला नाही. भरतीच्या फॉर्मची मुदत जवळ आलीय, मुलं रांगेत बसतात. कृपया सांगा.

नेटप्रेमी
सगळ्या मशीनवर गुगलचा डीएनएस ८.८.८.८ टाका दादा. माझ्या घरी त्यानेच झालं होतं.

स्विचवाली
दादा, डीएनएसला आत्ता हात लावू नका. डीएनएसचं काम वेबसाइटच्या नावावरून पत्ता काढून देणं. इथे पॅकेट (मशीनने पाठवलेला माहितीचा तुकडा) गावाबाहेरच पडत नाहीये, नाव कळून काय होणार? खात्री करायची तर नेट न येणाऱ्या मशीनवरून पिंग ८.८.८.८ मारा, म्हणजे त्या पत्त्याला "आहेस का?" विचारा. आकडा टाकूनही उत्तर आलं नाही, तर दोष नावाचा नाही, वाटेचा आहे. मग १९२.१६८.०.१ ला पिंग करा. तिथून उत्तर आलं तर मला सांगा, वरच्या मजल्यावर दुसरा राउटर आहे का? आणि सोमवारी तिथे कुणी काही हलवलं का?

सांगोलेकर
ताई, ८.८.८.८ ला उत्तर नाही, १९२.१६८.०.१ ला आहे! वर राउटर आहे, एका सभासदाने घरचा जुना आणून दिलाय. दोन महिने चांगला चालला. सोमवारी साफसफाईत मुलांनी तो काढून परत बसवला.

स्विचवाली
मग चोर सापडला. खालून आलेली वायर आता वरच्या राउटरच्या कुठल्या भोकात आहे ते बघा. एक पोर्ट बाकीच्यांपासून वेगळा असतो, बहुतेकदा रंगही वेगळा. त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं, बाहेरची लाइन त्यातून आत येते. दोन महिने वायर त्यात असणार. सोमवारी ती शेजारच्या लॅन पोर्टमध्ये गेली, जो आतल्या मशीनसाठी असतो.

त्याने एवढा घोळ कसा होतो ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. मशीन चालू होतं तेव्हा बहुधा त्याला स्वतःचा पत्ता नसतो. ते सगळ्या नेटवर्कला ऐकू जाईल अशी हाक मारतं, "मला कुणी पत्ता देतंय का?" हाच डीएचसीपी. एसटी स्टँडवर उभं राहून "पुण्याची गाडी कुठे लागते?" असं मोठ्याने विचारावं, तसं. जो आधी बोलेल त्याचं आपण ऐकतो. तुमच्या स्टँडवर आता सांगणारे दोघं आहेत. खालचा राउटर म्हणतो, माझ्याकडून जा, आणि त्याच्यामागे खरंच लाइन आहे. वरचाही म्हणतो, माझ्याकडून जा, पण त्याच्या वॅनमध्ये आता काहीच नाही. पॅकेट तिथवर जातं आणि संपतं. पिंगला उत्तर देणारा तोच. कोणाचं उत्तर आधी पोचेल याचा नेम नाही, म्हणून रोज वेगळी मशीन अडकतात. मुदतीतला जुना पत्ता असेल तर मशीन आधी तोच मागून बघतं, म्हणून काही टिकूनही राहतात.

वायर परत वॅनमध्ये घातली तरी आज भागेल. पण पुढच्या साफसफाईत पुन्हा तेच. त्यापेक्षा वरच्याचा डीएचसीपीच बंद करा. आधी खालची वायर काढा, एक लॅपटॉप थेट वरच्या राउटरला जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकून त्याच्या सेटिंगच्या पानावर जा, लॅनचा पत्ता (राउटरचा स्वतःचा) १९२.१६८.१.२ करा, मग पुन्हा आत शिरून डीएचसीपी बंद करा. नंतर खालची वायर लॅन पोर्टमध्येच लावा. आता तो नुसता वायफाय पसरवेल, पत्ते एकटा खालचाच वाटेल. नवा पत्ता चिकटपट्टीवर लिहून राउटरच्या पाठीवर लावा, सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही. खालच्याची वाटपाची यादी (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते २०० ठेवा, म्हणजे २ नंबर दुसऱ्या कुणाला जाणार नाही.

७ नंबरचा आजार वेगळा. १६९.२५४ म्हणजे हाकेला कुणीच ओ दिली नाही, म्हणून विंडोजने स्वतःच पत्ता घेतला. आधी वायर बघा.

सांगोलेकर
ताई, वायर लॅनमध्येच होती! तुम्ही सांगितलं तसं केलं, मशीन बंद करून चालू केली, सगळी १९२.१६८.१ वर आली. ७ नंबरच्या जॅकची क्लिप तुटलेली निघाली. दिसायला आत, पण स्विचवरचा (सगळ्या मशीनच्या वायरी जिथे येतात तो डबा) दिवा लागत नव्हता. नवा जॅक क्रिंप केला (पकडीने वायरीवर दाबून बसवला), दिवा लागला. आज ११ जणांचे फॉर्म भरले. फक्त प्रिंटर मधूनच गायब होतो. त्याला पूर्वी कुणीतरी हाताने १९२.१६८.१.१०५ दिलाय.

स्विचवाली
१०५ आता वाटपाच्या यादीत आला ना. राउटरने तोच एखाद्या मोबाइलला दिला की दोघं भांडणार. प्रिंटरला १९२.१६८.१.१० द्या आणि प्रत्येक मशीनवर प्रिंटरचा पोर्ट त्या पत्त्यावर बदला. वही नीट ठेवलीत म्हणून दोष अर्ध्या तासात सापडला, त्यातच प्रिंटरचीही ओळ लिहा.

सांगोलेकर
लिहिली. १२ मशीन, दोन राउटर, प्रिंटर, सगळं एका पानावर आलं. पान राउटरशेजारी भिंतीला लावतोय.